दांडा धरणारी

दुपारचा चहा घेत होते तेव्हा पायाखालची फरशी हलली. चहावर एक बारीक वलय उठलं आणि कपाच्या कडेला जाऊन मोडलं. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, शेजारी काम सुरू झालंय, घाबरू नका." मी घाबरले नव्हते. आवाज माझ्या ओळखीचा होता. दोन माणसांच्या वजनाचं लोखंड वीतभर उंचीवरून लोखंडावर पडलं की तो आवाज आधी तळपायांना कळतो, मग गुडघ्यांना, आणि कान सगळ्यांत शेवटी जागे होतात. सेहेचाळीस वर्षं मी तो ऐकला नव्हता. बोहारणीला दिलेल्या कपड्यासारखा तो माझ्या अंगावरून कधीच गेला असं मी धरून चालले होते. कप ठेवायला गेले तर कपाचा कान बोटांतून सुटेना. बोटं अशी आवळली होती, जणू ती कप नाही, दुसरंच काही धरून आहेत, आणि सोडलं तर कुणाचं तरी काहीतरी जाणार आहे.

मी खिडकीशी गेले. शेजारचं जुनं घर पाडून महिना झाला होता. त्या मोकळ्या जागेत आता वाळूचा ढीग, खडीचा ढीग, घरघरणारा मिक्सर आणि मधोमध सिमेंटचे ब्लॉक बनवायचं यंत्र. रंग नवा, पण घडण तीच जुनी. खाली साचा, म्हणजे बिनबुडाची लोखंडी पेटी, फळीवर बसवलेली. तिच्यावर दोन खांबांच्या मध्ये लोंबणारा जड दट्ट्या. बाजूला लांब दांडा. दांडा खाली दाबून धरला की दट्ट्या वर राहतो. सोडला की तो खाली येतो आणि पेटीतला ओला माल दाबून घट्ट करतो. एवढंच. लहान पोरालाही कळेल इतकं सोपं यंत्र. एक बुटकी बाई ओल्या ब्लॉकसकट फळ्या उचलून उन्हात रांगेनं मांडत होती. आणि साच्याशी एक माणूस वाकून उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत घालून, कोपऱ्यात बसलेलं सिमेंट पट्टीनं खरवडत. त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर दट्ट्या लोंबत होता. दट्ट्याखाली खांबांत आडवी खीळ नव्हती. तो तोलून धरला होता एका बाईनं, दांड्यावर सगळं अंग टाकून. ती त्याची बायको होती हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. परक्या बाईच्या भरवशावर कुणी असे हात घालत नाही. तिसऱ्या मजल्यावरूनही तिचा एक डोळा सुजलेला दिसत होता. पण मी पाहत राहिले ते तिच्या दुसऱ्या डोळ्याकडे. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, दट्ट्याकडेही नाही. ती त्याच्या बोटांकडे पाहत होती.

माझे वडील साचे जोडायचे. गावोगावच्या कारखान्यांतून त्यांना बोलावणं यायचं, आणि आई नसल्यामुळे मी त्यांच्याबरोबर. इतर मुली बाहुल्या सजवायच्या त्या वयात मी चार पत्रे, आठ नटबोल्ट आणि काटकोन तपासायचा एक गुण्या घेऊन बसायचे. साचा कसा जोडायचा हे मला अजून झोपेतही सांगता येईल. आधी फळी समपातळीत आहे का बघायचं. पत्रे उभे करायचे, बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवायचे, पाना लगेच लावायचा नाही. मग सुतळीनं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यायचं, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्ही मापं जुळली तरच पाना. तोही ओळीनं नाही, एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा. पत्रा सरकवायचा तर लाकडी मोगरीनं, लोखंडी हातोडीनं कधी नाही, कारण पडलेला पोचा पुढच्या प्रत्येक ब्लॉकच्या गालावर उठतो. दिवस संपला की साचा ओला असतानाच धुवायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, पुसायचा, आतून तेलाचा हात फिरवायचा. "साच्याला आंघोळ आणि मग तुला," वडील म्हणायचे. आणि या सगळ्याच्या आधी खीळ. अंगठ्याएवढी जाड लोखंडी खीळ, दट्ट्याखाली दोन्ही खांबांच्या भोकांतून आरपार. ज्याचे हात आत जाणार त्यानं ती स्वतः घालायची आणि त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो मालक असो की जावई. नव्या कारखान्यात गेले की ते दोन्ही पंजे पसरून लोकांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "मोजा. तीस वर्षं झाली, अजून दहा आहेत. अकरावं असतं तर तेही आणलं असतं." लोक हसायचे. मी दर वेळी खरंच मोजायचे.

अशाच एका कारखान्यात मला ह्यांनी पाहिलं. कारखाना त्यांचाच होता. साचा जोडणारी मुलगी म्हणून त्यांना माझं मोठं नवल वाटलं होतं. लग्नानंतर ते पाहुण्यांना मुद्दाम आवारात आणायचे आणि म्हणायचे, "ही बघा, आमचा बिनपगारी फिटर." ते दिवस वाईट नव्हते. हे खोटं लिहिलं तर मला झोप लागणार नाही. सकाळी ओल्या सिमेंटचा गार वास यायचा, ब्लॉकच्या रांगा उन्हात करड्याच्या पांढऱ्या होत जायच्या, माझ्या हातून निघालेला प्रत्येक कोपरा काटकोनात असायचा, आणि मला वाटायचं, जगात निदान काहीतरी सरळ आहे. पण ह्यांना सगळ्याची घाई. खीळ घालायची, काढायची, पुन्हा घालायची, यात दिवसाला तासभर जातो असा त्यांनी हिशोब केला. एक दिवस म्हणाले, "तू आहेस ना? तू दांडा धर. नवरा-बायकोला खीळ कशाला?" मला ते तेव्हा गोड वाटलं. वडिलांचा नियम मला तोंडपाठ होता, तरी त्याहून मोठा कुणाचा तरी विश्वास मला मिळाला असं वाटून मी हरखून गेले. आमच्याकडे बघून इतर जोडप्यांनीही तेच सुरू केलं. वर्षभरात आवारातल्या खिळा खुंटीला गंजत लोंबत राहिल्या, आणि प्रत्येक यंत्राच्या दांड्यावर एकेक बायको. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बायकोवर हातही उचलायचा आणि बायकोच्या हातात आपले हात द्यायचे, या दोन गोष्टी एकाच दिवसात कशा बसतात, असं एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही.

खाली पुन्हा दणका बसला. ब्लॉक निघाला, बुटक्या बाईनं फळी उचलली, माणूस पुन्हा वाकला, बायको पुन्हा दांड्यावर लोंबली. मी तिचे हात पाहिले. उजवा वर, डावा खाली. उजव्या हाताची करंगळी दांड्यावर नव्हती. ती सुटी होती, हवेत, किंचित वाकलेली.

मी चपला घालायला लागले. सून आली. "आता कुठं निघालात? पाय दुखतोय म्हणत होता ना?"

"खाली जाऊन येते. त्या यंत्राला खीळ नाही."

"कसली खीळ? आई, तिथं कामं चालू असतात, लोक काय म्हणतील!" मग तिच्या लक्षात आलं असावं. आवाज मऊ करून ती म्हणाली, "बाबांची आठवण झाली का?"

आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानं पाहिलं काहीच नाही, पण तो ती पाहिल्यासारखी सांगतो. कामावरच्या एका बाईनं खीळ घातली नाही, दट्ट्या पडला आणि बाबांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. तरी बाबांनी पोलिसांत दिलं नाही तिला, असं मोठं मन, असा शेवट तो करतो. सून ही गोष्ट ऐकत आली, नातवंडं ऐकत आली, आणि मी दर वेळी पानात काहीतरी वाढायला उठत आले.

लिफ्टमध्ये मी एकटीच होते. दार बंद झालं आणि त्या पेटीत मला ती सकाळ जशीच्या तशी दिसली. आदल्या दिवशी ह्यांनी साचा स्वतः जोडला होता, पाहुण्यांसमोर, फुशारकीनं. सकाळी मी सुतळी धरली तर दोन मापांत बोटभर फरक. मी म्हणाले, "अहो, साचा तिरका आहे. माल अडकेल." मी हळूच म्हणाले होते, पण माणसं जवळ होती. कुणीतरी फसकन हसलं. ह्यांच्या हातात पाना होता. तो त्यांनी माझ्या खांद्याच्या हाडावर मारला. फार जोरात नाही, एखादा बोल्ट बसतो का बघावं तसा. मारून झाल्यावर म्हणाले, "आता सरळ झाला का?" सगळे हसले. मीही हसले असेन, मला त्या वेळी आपला चेहरा काय करतो ते कळायचं बंद झालं होतं. तासाभरात साच्यात माल अडकला. ब्लॉक सुटेना, पत्रे उघडेनात. ह्यांनी शिव्या देत दोन्ही बाह्या वर केल्या. आमच्याकडे फळ्या वाहणारी एक बाई होती, तिला सगळे ठेंगणी म्हणायचे. ती खुंटीवरची खीळ घेऊन धावत आली. "मालक, आज माल घट्ट बसलाय, वेळ लागेल. खीळ घाला." हे ओरडले, "हो बाजूला! ही धरतेय ना!" ठेंगणी खीळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी दांडा धरला. ह्यांनी उजवा हात आत घातला. मला वाटलं आता तरी वर बघतील, तिरका होता खरा एवढं म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत, तेही चाललं असतं. ते वर बघून म्हणाले, "तुझ्या बापानं दहा बोटं सांभाळली, कारण बापजन्मात काम केलं नाही त्यानं." वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते.

दांडा सुटला असं मी लोकांना सांगितलं. दांडा सुटत नाही. दांडा सोडावा लागतो. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, एकेक बोट उचलावं लागतं, आणि तर्जनी उचलेपर्यंत परत फिरायला वेळ असतो. भरपूर वेळ असतो. मी त्यांची चार बोटं पत्र्याच्या काठावर टेकलेली पाहिली, नखांत सिमेंट, एका बोटावर मीच बांधलेली चिंधी. ती चिंधी पाहूनही मी तर्जनी उचलली. जो आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. लोखंडावर लोखंड पडलं नाही, मध्ये काहीतरी होतं, म्हणून आवाज मऊ आला. ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणं खूप वेळानं बाहेर आलं. मी डोक्याचं फडकं सोडून हात गुंडाळत होते. फडकं भरून माझ्या कोपरावरून रक्त ओघळत होतं, गरम, आणि मला त्या गरमपणाचं बरं वाटत होतं. हे कुणाला सांगू? मला बरं वाटत होतं.

माझे दीर आले. "खीळ? खीळ कुठंय?" खीळ ठेंगणीच्या हातात होती. तिनं ती टाकली असती तरी वाचली असती, पण ती धक्क्यानं घट्ट धरूनच उभी होती. दीर म्हणाले, "घालायची सोडून हातात घेऊन काय नाचतेस?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. शुद्ध जात होती त्यांची, तरी डोळे माझ्यावर. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझी बोटं उचललेली पाहिली होती, ठेंगणीनंही पाहिली होती. आम्ही तिघंच जाणत होतो. आणि हे म्हणाले, स्पष्ट, एकेक शब्द सुटा, "तिला सांगितलं होतं. तिनं घातली नाही." त्यांना काय वाचवायचं होतं? मला नाही. बायकोनं आपला हात चेचला, हे जगाला कळण्यापेक्षा त्यांना चार बोटं जाणं परवडलं. दिरांनी ठेंगणीचं मनगट धरून पंजा यंत्राच्या काठावर आपटला आणि मोगरी उचलली. माझीच मोगरी, लाकडी, पत्र्याला पोचा पडू नये म्हणून ठेवलेली. दोनदा मारली. तिची बोटं ऊस मोडावा तशी कडकड वाजली. आवारात चाळीस माणसं उभी होती. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, काही मागत नव्हती, नुसती बघत होती, एखादं ओझं कुणी उचलतंय का बघावं तशी. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, चार शब्दांचंही नव्हतं. मी मान खाली घालून ह्यांच्या हाताला फडक्यावरून पदर गुंडाळला.

बाहेर ऊन कडक होतं. आवाराच्या फाटकाशी मुकादम आडवा आला. "आजी, अहो आजी, इकडं कुठं? पडाल. दवाखाना पुढच्या गल्लीत आहे."

"मला यंत्र बघायचंय."

"यंत्र? विकत घेताय का?" दोघं-तिघं हसले. मी चालत राहिले. म्हाताऱ्या बाईला हात लावून अडवायचं कुणाला सुचत नाही, एवढा एक फायदा या वयाला आहे.

साच्याजवळ पोचले तेव्हा तो माणूस वाकलेलाच होता. मिक्सर इतका घरघरत होता की ओरडून बोलावं लागे. "याची खीळ कुठंय?" मी ओरडले.

त्यानं मान वळवून वर पाहिलं. तरुण होता, देखणा, दात पांढरे. "खीळ तुमच्या काळात असेल, आजी. माझी खीळ ही बघा," त्यानं हनुवटीनं बायकोकडे दाखवलं, "दोन वेळ जेवते आणि तोंड फुगवते." आणि पुन्हा आत वाकला.

जमिनीवर सळईचे तुकडे पडले होते. अंगठ्याएवढ्या जाडीचा एक उचलला. खांबांना भोकं होती, पण सिमेंटनं बुजलेली. मी बायकोच्या शेजारी उभी राहून अलीकडचं भोक सळईच्या टोकानं कोरायला लागले. जवळून ती फारच लहान वाटली, पंचवीसचीही नसेल.

"डोळ्याला काय झालं?" मी विचारलं.

"फळी लागली."

"मलाही लागायची. ह्यांच्या हातातली."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, ती सळई घालू नका."

नवरा तीन हातांवर होता. मिक्सरच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. एका माणसाचा हात चेचायचा की नाही हे आम्ही दोघी त्याच्या उशाशी उभ्या राहून बोलत होतो, भाजी कितीला दिली विचारावं इतक्या सहज.

"किती दिवस ठरवतेयस?"

"ठरवलेलं नाही. दांडा धरला की त्याची बोटं मोजते फक्त. रोज."

"मी सोडला होता," मी म्हणाले. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ऐकले. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "माझ्या नवऱ्याच्या हातावर. चार बोटं."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. भीतीनं नव्हे, हावरेपणानं. "मग? मारायचं थांबलं?"

"वर्षभर. मग डावा हात शिकला."

"आणि तुम्हाला काय झालं?"

"मला काहीच नाही. दुसरीला झालं." मी फळ्या वाहणाऱ्या बुटक्या बाईकडे बोट केलं. "तिच्यासारखीच होती. तिचा पंजा मोडला सगळ्यांसमोर, आणि मी बघत होते. तू सोडलास असं कुणी म्हणणार नाही, पोरी. तोच म्हणू देणार नाही. मग कुणीतरी लागेल."

तिनं त्या बाईकडे पाहिलं. ती घाम पुसत होती, आमच्याकडे बघून उगीचच हसली. दांड्यावरची बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, जिंकले. भोक मोकळं झालं होतं. सळई आत सरकली, दट्ट्याखालून पलीकडच्या खांबाला जाऊन टेकली आणि अडली. पलीकडचं भोकही बुजलेलं.

"तुम्ही वर जा, आजी," ती म्हणाली. "तुमचं झालं. माझं मला बघू दे." आणि तिनं करंगळी उचलली.

पुढचा क्रम मला पाठ होता. मी तळव्याच्या टाचेनं सळईच्या टोकावर मारलं. अनामिका. पुन्हा मारलं, तळवा फाटला. मधलं बोट. मी ओरडले नाही. का नाही ओरडले? "हात काढ" एवढं ओरडले असते तर त्यानं हात काढले असते आणि तिच्याकडे पाहिलं असतं. मी अंगाचा सगळा भार टाकून तिसऱ्यांदा मारलं, पलीकडून सिमेंटचा खपला उडाला, सळई भोकात शिरली, आणि दट्ट्या आला. दोन बोटं खाली आला आणि सळईवर आदळला. सळई वाकली. धरून राहिली.

त्यानं हात बाहेर ओढले. पांढराफटक पडून तो हातांकडे बघत राहिला, उलटे करून, सुलटे करून. मिक्सर कुणीतरी बंद केला. सगळं आवार गोळा झालं. दांडा हवेत उभा होता आणि बायकोचे दोन्ही हात मोकळे, अंगाला चिकटलेले. त्याच्या ओठांना रंग परत आला तसा तो तिच्याकडे वळला. त्यानं पाहिलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण मी त्याच्या चेहऱ्यावर ते येताना पाहिलं. आधी कळणं, आणि मग कळलेलं लपवणं. दोन्हींच्या मध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतकाच वेळ होता. तो वळला आणि बुटक्या बाईवर ओरडला, "ए! सळई लावून ठेवायचं काम कुणाचं? मघापासून दात काय काढतेस?"

"माझं?" ती म्हणाली. "मला कधी सांगितलं?"

"वर तोंड करून बोलते!" मुकादम पुढं सरकला. बायको जमिनीकडे बघत होती. तिच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, मला दिसत होतं, आणि ती ते गिळत होती. मी तिला दोष देणार नव्हते. मी ते सेहेचाळीस वर्षं गिळलं होतं.

"दांडा मी सोडला," मी म्हणाले.

"काय?"

"मी तिचे हात ओढून काढले. सोडला मी. या बाईचा काही संबंध नाही. कुणाचाच नाही."

कुणीतरी हसलं. "आजीचं डोकं फिरलंय." पण तो हसला नाही. एवढ्या माणसांत त्याला एकच सोपी वाट सापडली होती, आणि मी तिच्यात उभी होते. त्यानं हात उचलला. उजवा हात, पाचही बोटं शाबूत, नखांत सिमेंट. मला वाटलं, मी वाचवलेला हात, निदान माझ्यावर उठणार नाही. तो माझ्या कानशिलावर बसला. मी मागं गेले, ब्लॉकच्या ओल्या रांगेवर पडले, आणि तीन-चार ब्लॉक माझ्या पाठीखाली चिखलासारखे मऊ मोडले. तोंडात सिमेंट आणि रक्त एकत्र आलं. माणसं त्याच्यावर धावली, त्याला मागं ओढलं. "म्हातारीवर हात टाकतोस?" कुणीतरी त्याला लाथ घातली. बायकोवर रोज टाकत होता तेव्हा यातलं कुणीही हललं नव्हतं.

ती माझ्याजवळ वाकली. मला वाटलं उठवेल. ती म्हणाली, "कशाला आलात तुम्ही?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, खरा, माझ्यावरचा. मग तिनं दांड्याजवळचा डबा उचलला आणि फाटकातून बाहेर गेली. तो दोन माणसांच्या हातांत अडकून तिला हाका मारत राहिला, आधी शिवी देऊन, मग नुसत्याच. ती डावीकडे वळली की उजवीकडे, मला पडल्या जागेवरून दिसलं नाही. बुटकी बाई मात्र पुन्हा फळ्या उचलायला लागली होती, कारण तिचा दिवस अजून संपायचा होता.

सून धावत आली, अनवाणी. गुडघ्यांवर बसून तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. "आई! काय हे! कुणी केलं? मी ह्यांना फोन लावते, थांबा, हलू नका."

"तुझ्या सासऱ्यांचा हात मी तोडला," मी म्हणाले.

"बोलू नका, आई. लागलंय तुम्हाला."

"खीळ घालायची राहिली नव्हती. ठेंगणीनं आणली होती खीळ. मी दांडा सोडला. बोटं बघून सोडला. आणि मग तिचा पंजा मोडला त्यांनी, आणि मी गप्प बसले."

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि फोनवर मुलाला म्हणाली, "लवकर या, आईंच्या डोक्याला मार लागलाय, काहीतरीच बोलताहेत." फोनमधून त्याचा बारीक आवाज येत होता. मी तोंडातलं सिमेंट थुंकलं, तिचं मनगट धरून फोन माझ्या तोंडाशी ओढला, आणि त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.